जेलसी की एन्व्ही? आधी माणसं मोजा

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, एकाच कार्यालयात, एकाच विभागात. विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोघींनी अर्ज केले, जागा तिला मिळाली. मी तिला मिठी मारून अभिनंदन केलं आणि घरी येऊन रडले. तेव्हापासून तिचं काही चांगलं झालं की मला बघवत नाही. ती मुळात पुढेपुढे करणारीच, असं मनात येत राहतं. आता तिचं उठणं-बसणं दुसऱ्या एका सहकारी बाईंबरोबर असतं. परवा तिने त्यांची ओळख ‘माझी अगदी जवळची मैत्रीण’ अशी करून दिली, ते मला बढतीपेक्षाही जास्त लागलं. पुढच्या महिन्यात ती वरिष्ठांपुढे एक सादरीकरण करणार आहे. त्यातल्या एका तक्त्यात मला आकड्यांची चूक दिसली आणि मी गप्प बसले. इंग्रजी उत्तम असलेल्या एका ओळखीच्या बाईंना मी म्हटलं, ‘मी जेलस झालेय.’ त्या म्हणाल्या, ‘ही जेलसी नाही, एन्व्ही आहे. जेलसी प्रेमातून येते, एन्व्ही वाईट मनातून.’ तेव्हापासून झोप उडाली आहे. नेमकं काय आहे हे? मी वाईट मनाची आहे का? तिला सगळं सांगून टाकू की हळूहळू मैत्री संपवू?

प्रिय मैत्रीण,

त्या बाईंनी तुम्हाला दिलेली माहिती अर्धी बरोबर आहे आणि अर्धी पूर्ण चूक. दुर्दैवाने तुम्ही चुकीची अर्धी मनाला लावून घेतली आहे. म्हणून आधी शब्दांचं बघू, मग तुमचं.

बरोबर काय, तर इंग्रजीत नेमकेपणाने लिहिणारे लोक या दोन शब्दांत फरक करतात, आणि तो ओळखायची सोपी रीत म्हणजे त्या भावनेत माणसं किती आहेत ते मोजणं. एन्व्हीत दोन माणसं असतात. एक मी, आणि दुसरी ती, जिच्याकडे मला हवं असलेलं काहीतरी आहे: पद, रूप, पैसा, गळा, घर. जेलसीत तीन असतात. मी, माझं माणूस, आणि आमच्या मध्ये येऊ पाहणारं तिसरं कुणीतरी. एन्व्हीत आपल्याकडे जे नाही त्याची टोचणी असते. जेलसीत आपल्याकडे जे आहे ते जाईल याची धास्ती असते. मानसशास्त्रज्ञ जेरॉड पॅरट आणि रिचर्ड स्मिथ यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फरक लोकांच्या प्रत्यक्ष अनुभवांवर तपासला होता. एन्व्हीच्या अनुभवांत कमीपणाची भावना, त्या गोष्टीची ओढ आणि मनातली अढी ठळक होती. जेलसीच्या अनुभवांत गमावण्याची भीती, अविश्वास, अस्वस्थता आणि राग होता. एन्व्हीच्या बाजूला आणखी एक गोष्ट होती, आणि तुम्ही ती नीट वाचावी: आपल्याला असं वाटतंय याबद्दलची स्वतःवरचीच नापसंती. ‘मी वाईट मनाची आहे का?’ हा प्रश्न तुम्हाला पडला, तो त्या भावनेचाच एक भाग आहे. वेगळा पुरावा म्हणून तो स्वतःविरुद्ध वापरू नका.

आता चूक काय, ते. ‘जेलसी प्रेमातून, एन्व्ही वाईट मनातून’ ही वाटणी मला फार काळजीची वाटते, तुमच्यासाठी आणि इतर अनेकांसाठीही. जेलसीला प्रेमाचं प्रमाणपत्र दिलं की फोन तपासणं, कुठे गेलीस, कुणाशी बोललीस याचे हिशेब मागणं, मित्र-मैत्रिणी तोडायला लावणं, सगळं त्या प्रमाणपत्राखाली खपतं. ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे म्हणून तो असा वागतो’ असं सांगणाऱ्या बायका आणि तसंच सांगणारे पुरुष, दोघांनाही मी हेच म्हणेन, की भीती प्रेमापोटी वाटू शकते, पण पहारा ही वेगळी गोष्ट आहे. फ्रेंच भाषेत जालूझी या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ही भावना, आणि दुसरा आडव्या तिरक्या पट्ट्यांची खिडकी, जिच्या आडून आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. या भावनेचा स्वभाव त्या खिडकीत पुरता उतरला आहे.

शब्दांच्या घराण्यातही ही चांगली-वाईट वाटणी टिकत नाही. जेलस हा शब्द मुळात ग्रीक झेलोसपासून लॅटिन आणि फ्रेंच मार्गे इंग्रजीत आला. तळमळ, उत्साह या अर्थाचा इंग्रजी झील त्याचाच सख्खा भाऊ. ॲरिस्टॉटल झेलोस शब्द चांगल्या अर्थाने वापरतो: दुसऱ्याचं चांगलं पाहून आपणही तसं व्हावं अशी चुरस. दुसऱ्याचं चांगलं पाहून नुसतंच दुःख होणं, याला त्याने फ्थोनोस असं वेगळं नाव दिलं आहे. म्हणजे आजच्या जेलसीचा पूर्वज एका मोठ्या विचारवंताच्या लेखी चांगल्या चुरशीचं नाव होता. इंग्रजी बायबलात देवालाही जेलस म्हटलं आहे, कारण त्याला आपल्या भक्तांची निष्ठा दुसऱ्या कुणाला गेलेली चालत नाही. आणि एखादा माणूस आपलं स्वातंत्र्य किंवा वेळ ‘जेलसली’ जपतो असं इंग्रजीत म्हणतात, तेव्हा त्यात बहुधा वाईट अर्थ नसतो.

एन्व्हीचं मूळ लॅटिन इन्व्हिडिया. त्यात पाहणे या अर्थाचा धातू आहे, वाईट नजरेने पाहणे असा. आपल्याकडे दुसऱ्याचं चांगलं ‘डोळ्यांत खुपतं’, तसंच. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी प्रमुख पापांची यादी केली, तीत इन्व्हिडियाला जागा मिळाली आणि पुढे ती सात घोर पापांत कायमची बसली. तुमच्या ओळखीच्या बाईंच्या बोलण्यात त्या यादीचा पडसाद आहे. पण त्याच शब्दापासून एन्व्हिएबल होतो, म्हणजे हेवा वाटावा असा, आणि ते विशेषण लोक आनंदाने मिरवतात.

तुम्ही ‘जेलस’ म्हणालात त्यातही काही बिघडलं नव्हतं. इंग्रजी बोलणारे लोक कितीतरी काळापासून एन्व्हीच्या जागी जेलस म्हणत आले आहेत आणि शब्दकोशांनी तो अर्थ नोंदवलेला आहे. कुणाचे प्रवासाचे फोटो पाहून ‘आय ॲम सो जेलस’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी व्याकरण शिकवत नाही. उलट दिशेने मात्र ही मोकळीक नाही. जोडीदारावर संशय घेणाऱ्याला इंग्रजीत कुणी एन्व्हियस म्हणणार नाही. थोडक्यात, जेलस हा शब्द पसरट आहे आणि एन्व्ही नेमका. त्यामुळे कुणी ‘जेलस’ म्हटलं की आतमध्ये दोघांपैकी काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्या बाईंनी न विचारताच निकाल दिला.

मराठीत विचार करून पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण समोरच्याला तोंडावर सांगतो आणि तो ते कौतुक म्हणून घेतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी कुणाला म्हटलेलं ऐकलंय का? हेव्यात ‘मलाही हवं’ असतं. मत्सरात ‘तुला नको’ असतं. तीन माणसांची भावना सांगायला आपल्याकडे सवतीमत्सर आहे. डच भाषेत तर एन्व्हीसाठी दोन सरळ वेगळे शब्द आहेत, बेनैडन आणि आफगुन्स्ट. पहिल्यात आपण वर चढू पाहतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढू पाहतो. संशोधक नील्स फान द फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की अमेरिका आणि स्पेनसारख्या देशांत, जिथे दोन्हींना एकच शब्द आहे, तिथेही लोकांच्या अनुभवांचे हेच दोन गट पडतात. शब्द एक असो की दोन, माणसाच्या आत दोन्ही असतात.

आता तुमचं पत्र घेऊ आणि त्यात माणसं मोजू.

बढतीची गोष्ट: तुम्ही आणि ती. दोन माणसं. ही एन्व्ही. ‘माझी अगदी जवळची मैत्रीण’ ही गोष्ट: तुम्ही, ती आणि त्या सहकारी बाई. तीन माणसं. ही सरळसरळ जेलसी. आणि तुम्हीच लिहिलंत की दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त लागली. तुम्ही इतके दिवस एकाच दुखण्याला नाव शोधत होतात, आणि दुखणी दोन निघाली. एकीचं औषध दुसरीला चालत नाही, म्हणून हे वेगळं करणं गरजेचं होतं. एकीला वाईट ठरवून दुसरीला सोडून देण्यासाठी मी हे करत नाहीये.

कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पदाबद्दल तुम्हाला काहीच वाटत नाही, आणि मैत्रिणीच्या पदाने झोप उडते, याचाही स्वतःवर राग काढू नका. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं, की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच लोकांकडे पाहतो. एकत्र शिकलेली, एकाच खोलीत काम करणारी, त्याच जागेला अर्ज केलेली मैत्रीण हाच सगळ्यात जवळचा आरसा. एन्व्ही वाटण्यासाठी आधी बरोबरी वाटावी लागते.

पण तक्त्याच्या बाबतीत मी तुम्हाला मऊ बोलणार नाही. मनात काय येतं ते आपल्या हातात फारसं नसतं. चूक दिसूनही गप्प बसणं मात्र हातात होतं. तुमच्या पत्रात भावनेने उंबरठा ओलांडून कृतीत पाय टाकलेली ही एकच जागा आहे, आणि अजून वेळ आहे म्हणून ती सगळ्यात आधी दुरुस्त करा. उद्याच. सोबत काही कबुलीजबाब जोडू नका. ‘तुझ्या सादरीकरणातल्या अमुक तक्त्यात बेरीज जुळत नाहीये, एकदा बघ’ एवढंच पुरे. कधी लक्षात आलं असं तिने विचारलं, तर खरं सांगा, आणि तेव्हाच बोलायला हवं होतं हेही सांगा. यानंतर ‘मी वाईट मनाची आहे का’ या प्रश्नाचं तुम्हाला माझ्याकडून उत्तर लागणार नाही.

दुसरी एक ओळ मी पुन्हा वाचली: ‘ती मुळात पुढेपुढे करणारीच.’ बढतीच्या आधी हे तुम्हाला वाटत होतं का? की तेव्हा हाच गुण ‘धडाडी’ म्हणून तुम्हीच इतरांना सांगत होतात? अमरकोशात ईर्ष्या आणि असूया यांत फरक केला आहे. ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न साहणं. असूया म्हणजे गुणांवरही दोषाचा आरोप करणं. ती ओळ मला असूयेची वाटते. एन्व्ही स्वतःच्या नावाने क्वचितच समोर येते, ती बहुतेक वेळा तत्त्वाचा आणि न्यायाचा वेष घालून येते. म्हणून एक सवय लावून घ्या. तिचा एखादा दोष नव्याने दिसला की स्वतःला विचारा, हा दोष मला गेल्या वर्षी दिसत होता का? नसेल, तर त्यावर विश्वास ठेवायची घाई करू नका.

याला एक अपवाद आहे. निवडच पक्षपाताने झाली अशी तुम्हाला रास्त शंका असेल, तर ती भावना या दोन्हींच्या पलीकडची आहे. ती अन्यायाची चीड, आणि तिचा पत्ता तुमची मैत्रीण नाही, निवड करणारे आहेत. त्यांची वेळ मागा, निकष काय होते आणि माझं कुठे कमी पडलं हे शांतपणे विचारा. पक्षपात नसला तरी हे विचाराच. पुढच्या अर्जासाठी ते उत्तर लागणारच आहे.

एन्व्हीचं काम तुमचं एकटीचं आहे. कागद घ्या आणि तिच्याकडचं नेमकं काय हवं आहे ते लिहा. ‘तिची जागा’ असं लिहू नका. पगार? दारावरची पाटी? निर्णय घेण्याची मुभा? की वरिष्ठांनी चारचौघांत केलेलं कौतुक? आणि त्या जागेबरोबर येणारं काय नको आहे, तेही लिहा: उशिरापर्यंतच्या बैठका, दुसऱ्यांच्या चुकांची उत्तरं देणं, कालपर्यंतच्या बरोबरीच्या लोकांना कामात कमी पडल्याचं सांगणं. बहुतेकांच्या कागदावर हव्या असलेल्या गोष्टी दोन-तीनच उरतात, आणि त्यांतली एखादी त्या जागेशिवायही मिळण्यासारखी असते. कौतुकाची भूक असेल तर तिच्यासाठी वेगळं काम अंगावर घेता येतं, मुभा हवी असेल तर एखादा स्वतंत्र प्रकल्प मागता येतो. ‘तिचं सगळं’ हवं असेपर्यंत मात्र काहीच करता येत नाही.

जेलसीचं तसं नाही. ती नात्याची गोष्ट आहे, म्हणून ती नात्यातच बोलायला हवी, आणि बोलताना तिसरं माणूस मध्ये आणायचं नाही. ‘तुला आता ती जास्त जवळची वाटते’ असं म्हटलंत की मैत्रीण बचावाला उभी राहील आणि विषय त्या बाईंवर जाईल. त्याऐवजी म्हणा, ‘आपलं पूर्वीसारखं निवांत बोलणं होत नाही, मला चुकल्यासारखं होतं. आठवड्यातून एकदा कामाबाहेर भेटूया का?’ यात आरोप नाही, मागणी आहे, आणि तिला हो म्हणायला वाट आहे. हेही ध्यानात घ्या, की तिचं चांगलं बघवेनासं झाल्यापासून कदाचित तुम्ही स्वतःच मागे सरकला आहात. तिच्या बाजूने पाहिलं तर कदाचित तिचीच जुनी मैत्रीण तिला सोडून चालली आहे, आणि नवी जागा सांभाळताना जी बाई शेजारी होती तिच्याशी ती बोलू लागली. हा माझा अंदाज आहे, पण तपासून पाहण्यासारखा आहे.

सगळं सांगून टाकू का, असं तुम्ही विचारलंत. सगळं नको. तक्त्याबद्दल सांगा, चुकल्यासारखं होतंय ते सांगा. ‘त्या जागेचा मला हेवा वाटला, वाईटही वाटलं’ हे एक वाक्य सांगितलंत तर चांगलंच. तिलाही ते माहीत असणार, दोघींनी अर्ज केला होता. पण तिचं चांगलं बघवत नाही आणि रात्री त्याने झोप लागत नाही, याचे तपशील तिच्यापुढे मांडू नका. तुमचं मन हलकं होईल आणि ओझं तिच्या खांद्यावर जाईल. यापुढे तिचं काहीही चांगलं झालं की तुम्हाला सांगताना ती शब्द तोलेल, आणि तुम्ही जपू पाहताय ती मोकळीक तिथेच संपेल. हे कार्यालयाबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाशी बोला. झोप अशीच उडत राहिली तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.

भावंडांबद्दल याच प्रकारची पत्रं येतात, त्यांनाही माणसं मोजायची रीत लागू पडते. भावाच्या यशाने टोचत असेल तर माणसं दोन. आई-वडील त्याच्याच बाजूला झुकतात हे टोचत असेल तर माणसं तीन, आणि बोलायचं आहे ते आई-वडिलांशी. भावाशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला कित्येकदा चुकीच्या पत्त्यावर गेलेला असतो.

राहिला प्रश्न मैत्री संपवण्याचा. तो निर्णय आज घेऊ नका. आज तो घेतलात तर एन्व्ही आणि जेलसी मिळून घेतील, आणि मैत्रिणीबद्दल तुम्हाला एरवी काय वाटतं ते त्या दोघींच्या गलक्यात ऐकूच येणार नाही. तक्त्याचं सांगून झाल्यावर, दोन-चार निवांत भेटी झाल्यावरही तिच्याजवळ बसणं नकोसंच वाटलं, तर मैत्री सैल होऊ द्यायला हरकत नाही. काही मैत्र्या होतातही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या मैत्रिणीच्या जागी असेल, म्हणजे बढती मिळालेली आणि जुनी मैत्रीण गप्प झालेली, तर तिने वाट पाहत बसू नये. आपल्या यशाबद्दल सारखी दिलगिरीही दाखवू नये, ती जास्त टोचते. ‘तूही अर्ज केला होतास, तुला कसं वाटलं असेल ते माझ्या मनात आहे’ एवढं एकदा म्हणावं, आणि नव्या कामात जिथे तिचा सल्ला खरोखर लागतो तिथे तो मागावा.